राखणीची पाळी

नुकसान झाले म्हणजे ते कोणीतरी केलेले असते, असे आपण सहसा धरून चालतो. घर फोडले गेले तर चोर असतो, शेत जळले तर काडी लावणारा असतो. त्याला शोधावा, त्याच्या पदरात त्याचा अपराध घालावा आणि शिक्षा करावी, म्हणजे न्याय झाला, अशी आपली साधी समजूत असते. परंतु जगात काही नुकसाने अशी आहेत की ती सर्वांच्या डोळ्यांदेखत होतात, त्यांचे परिणाम सर्वांना भोगावे लागतात, आणि करणारा मनुष्य शोधू गेल्यास तो मात्र सापडत नाही. ज्याला विचारावे तो आपले हात स्वच्छ असल्याचे दाखवतो, आणि विशेष हे की तो खोटे बोलत नसतो. अशा नुकसानीची जबाबदारी कोणावर? आणि ज्याने वैयक्तिकरीत्या काहीच वाईट केले नाही, त्याच्याकडे देव व शेजारी कशाचा हिशेब मागणार?

हा प्रश्न हवेत ठेवून सुटणार नाही. म्हणून त्याचा विचार आपण एका साध्या, मातीतल्या विषयाच्या आधारे करू. तो विषय म्हणजे डोंगरावरची गुरांची चराई, आणि ठिकाण म्हणजे गोव्यातील पेडणे व डिचोली हे दोन तालुके.

पेडणे हा गोव्याचा अगदी उत्तरेकडचा तालुका. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश. डिचोली त्याच्या आग्नेयेस, खाणींसाठी प्रसिद्ध. दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या हाती गेले, म्हणून त्यांची गणना नव्या काबिजादीत होते. येथील गावाची ठेवण साधारण अशी असते: खाली ओहोळाकाठी भातशेती, तिच्या कडेला माडा-पोफळीची कुळागरे, त्यावर घरे, घरांच्या मागे चढत जाणारा डोंगर आणि डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सपाट सडा. ज्याला सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरी ठाऊक आहे त्याला हे चित्र नवे नाही. गुरे चरावयास जात ती या उतारावर आणि सड्यावर.

या सड्यावरील गवताचा संसार फार थोड्या दिवसांचा असतो. जांभ्यावर मातीचा थर कोठे वीतभर, कोठे बोटभर. जूनमध्ये पाऊस लागला की आठ-पंधरा दिवसांत सगळे हिरवे होते. ऑक्टोबरात गवत फुलावर येते, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत त्याचे करड होऊन जाते. वर्षभराची कमाई चार-पाच महिन्यांत करावयाची, असा हा व्यवहार आहे. त्यात एक मर्म आहे. गवताचे पाते खाल्ले म्हणून गवत मरत नाही. ते बुडख्यात व मुळांत साठवलेल्या अन्नावर पुन्हा फुटते. परंतु नवी पाती वाढून मुळांची भरपाई होण्याआधीच ती पुन्हा खाल्ली गेली, आणि असे वारंवार होत राहिले, तर मुळे उपाशी पडतात व बुडखा मरतो. आंद्रे व्हॉयझँ या फ्रेंच अभ्यासकाने १९५७ साली गवतावरील आपल्या ग्रंथात हेच सांगितले की, कुरण बिघडते ते केवळ गुरांच्या संख्येने नव्हे. गुरे एका जागी किती दिवस राहिली आणि त्या जागेला विसावा किती मिळाला, यावर ते अवलंबून असते. शंभर गुरे एक दिवस चरून पुढे गेली तर गवत सावरते. दहा गुरे रोज त्याच ठिकाणी फिरत राहिली तर सावरत नाही.

डोंगरावर याला आणखी एक अडचण जोडली जाते. जनावर हा आपल्यासारखाच सोयीचा जीव आहे. त्याला मोकळे सोडले तर ते पाण्याजवळ, सावलीजवळ आणि घराच्या वाटेवर घुटमळते. तिथली जमीन उघडी पडते, तर पलीकडच्या उतारावरील चांगले गवत तसेच वाळून जाते. रोजच्या एकाच चढावाच्या वाटेवर खुरांनी माती सुटते, आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात ती वाट पाहता पाहता घळ होते. ती माती जाते कोठे? खालच्या भातशेतीत आणि ओहोळात. म्हणजे चूक वरच्या माणसाची आणि भरपाई खालच्या माणसाची. तीही अशा माणसाची, की ज्याच्याकडे कदाचित एकही गुरू नाही.

या सर्वांवर जुन्या लोकांनी जो उपाय काढला होता, त्याचे नाव राखण. पुष्कळ गावांत पगारी गुराखी ठेवण्याऐवजी घराघराने पाळी लावून घेतलेली असे. वाडीतील सर्व गुरे सकाळी एकत्र सोडावयाची आणि ज्याची पाळी असेल त्याने दिवसभर ती राखावयाची. ज्याची गुरे अधिक, त्याच्या पाळीचे दिवस अधिक. दुपारी गुरांना बसवण्याची जागा ठरलेली. तिला गोठण म्हणत, आणि आजही कोकणात गोठण नावाच्या जागा गावोगाव आहेत. भात शेतात उभे असेपर्यंत गुरे वरच राहावयाची, कापणी झाल्यावर ती खाली मोकळी सुटावयाची. कोणी वायंगण म्हणजे उन्हाळी पीक घेणार असेल तर ते सर्वांना आधी ठाऊक पाहिजे. जे जनावर सारखे कळप सोडून पळते त्याच्या गळ्यात लोढणे बांधावयाचे, आणि दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जावयाचे. हे नियम क्वचितच कोठे लिहिलेले असत. परंतु डोंगरावर कुंपण घालणे शक्य नव्हते, तेथे राखण्या हाच चालते कुंपण होता. आज कोणत्या उतारावर न्यावे, कोणता भाग आठ दिवस सोडून द्यावा, हे तो जागेवर ठरवी.

येथे कोणी असे समजू नये की जुना काळ सोन्याचा होता असे सांगावयाचे आहे. तसा तो नव्हता. डिचोलीत काही गावांत गावकरीची म्हणजे कोमुनिदादची व्यवस्था होती, पण तिचे लाभ गावकरी घराण्यांच्या पुरुषांकडेच जात. पेडण्यात मोठ्या जमीनदारीचा वरचष्मा होता आणि कूळ पिढ्यानपिढ्या परक्याच्या जमिनीवर राबत असे. राखणीचे काम पुष्कळदा घरातल्या पोराच्या गळ्यात पडे, आणि त्याची शाळा तेवढ्यावर संपे. कोणाची गुरे कोणत्या पाण्यावर जावीत यातही जातीचा विटाळ होता. हे सर्व गेले ते बरेच झाले. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व आले. हे न्यायाचेच पाऊल होते.

पण कायद्याने जमीन वाटून देता येते, पाळी वाटून देता येत नाही. शेताचा तुकडा कुळाच्या नावावर झाला. डोंगराची राखण कोणाच्याच नावावर झाली नाही. पुढे नांगराच्या बैलाची जागा पॉवर टिलरने घेतली. दुधासाठी संकरित गायी आल्या. त्या अंगाने जड, त्यांना चढाव सोसत नाही. त्या गव्हाणीतच बांधून पोसाव्या लागतात. गोव्याची स्वतःची पांढरी, आटोपशीर बांध्याची गाय, जिची 'श्वेत कपिला' या नावाने २०२० साली स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, ती डोंगरावर चरून दिवसाला दोन-तीन लिटर दूध देणारी. बाजाराच्या हिशेबात ती मागे पडली. मुले शाळेत गेली, नंतर नोकरीला गेली, आणि तसे व्हावयास हवेच होते. उतारांवर काजूच्या बागा झाल्या, तेथे गुरे नकोशी झाली. अशा रीतीने कोणीही ठराव न करता राखण बंद पडली. गुरे मात्र काही घरांत राहिली. ती आता सकाळी सोडली जातात आणि त्यांच्यामागे कोणी जात नाही. डोंगराच्या जवळच्या कडा ती खरवडून काढतात, आणि पावसाळ्यात कोरडी जागा म्हणून डांबरी रस्त्यावर येऊन बसतात. रात्री मोटारसायकलवाला त्यांवर आदळतो. निरुपयोगी झालेला गोऱ्हा तर घरी परत आला नाही तरी कोणी शोधावयास जात नाही. दूरच्या सड्यावर जेथे कोणीच चरत नाही, तेथे करड वाळून उभे राहते आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने सबंध डोंगर जळतो. म्हणजे जवळचा डोंगर अति चराईने गेला आणि दूरचा डोंगर चराईच्या अभावाने गेला. दोन्हींचे कारण एकच: मागे चालणारा मनुष्य नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या नुकसानीत अपराधी कोण?

समजा, एका वाडीत ४० घरे आहेत आणि तिच्या डोंगराला १०० गुरे सहज पोसतात. प्रत्येक घराने एकेक जनावर वाढवले, १४० झाली, आणि चार-पाच वर्षांत डोंगर उघडा पडला. आता पहिल्या घरच्या माणसाला विचारा. तो म्हणेल, "माझ्या एका म्हशीने डोंगर खाल्ला काय?" त्याचे म्हणणे खरे आहे. त्याने ती म्हैस विकली असती तरी डोंगर वाचला नसता. दुसऱ्याचे व तिसऱ्याचेही म्हणणे तितकेच खरे. चाळीस खऱ्या उत्तरांची बेरीज केली तर उघडा डोंगर हाती येतो. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली एका गाजलेल्या लेखात हाच हिशेब मांडला. सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत जाणार, लाभ त्याचा एकट्याचा आणि तोटा सर्वांत वाटला जाणार, म्हणून सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षावरून जगाने तीन उत्तरे काढली. तिन्हींचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिले उत्तर असे की, प्रत्येकाने आपली सदसद्विवेकबुद्धी जागी ठेवावी आणि स्वतःपुरता संयम पाळावा. धर्माची शिकवण घेणाऱ्या माणसांना हे उत्तर जवळचे वाटते. पण ते येथे पुरे पडत नाही. एकाने आपली म्हैस काढून घेतली तर तिच्या वाटणीचे गवत दुसऱ्याची म्हैस खाते. संयमी मनुष्य दूध गमावून बसतो, डोंगर उघडा तो उघडाच राहतो, आणि जो बेफिकीर त्याची भरभराट होते. सद्वर्तनी माणसाला दंड आणि दुसऱ्याला बक्षीस, अशी ही व्यवस्था होते. संयम चांगला, पण एकट्याच्या संयमाने सामाईक गोष्ट राखली जात नाही.

दुसरे उत्तर असे की, डोंगर कोणातरी एकाच्या मालकीचा करून टाकावा. मालक आपली वस्तू सांभाळतोच. हे तर डिचोलीच्या लोकांना शिकवावयास नको. तेथील किती डोंगर खाणवाल्यांच्या ताब्यात गेले, आणि एक टन खनिज काढण्यासाठी दोन-अडीच टन माती उपसून ढीग रचले गेले. ती माती मये, मुळगाव, पिळगाव या भागांतील शेतांकडे वाहत आली. खाणीचा परवाना कागदोपत्री पक्का होता, म्हणून डोंगर राखला गेला असे झाले नाही. न्यायालयाला २०१२ साली सबंध गोव्यातील खाणी थांबवाव्या लागल्या, २०१४ च्या निकालाने अटी घालाव्या लागल्या, आणि २०१८ साली परवान्यांचे नूतनीकरण रद्द करावे लागले. मालक वस्तू सांभाळतो हे खरे, परंतु ज्या भावात ती विकली जाते त्या भावातच तो तिला मोजतो. उलट मये गावाचेच दुसरे उदाहरण पाहावे. तेथील जमिनीचा मालक १९६१ नंतर परदेशी निघून गेला. जमीन परागंदा मालकाची म्हणून सरकारच्या ताब्यात राहिली, आणि २०१४ च्या कायद्यापर्यंत लोकांच्या नावावर काहीच नव्हते. तरी ती जमीन कसली, राखली, तिच्यावर घरे बांधली ती लोकांनीच. मालकी एकीकडे आणि राखण दुसरीकडे, असे अर्धशतक चालले.

तिसरे उत्तर बंदीचे. महाराष्ट्रात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून आपले डोंगर पुन्हा हिरवे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. तेथे गुरे डोंगरावर सोडत नाहीत, गवत विळ्याने कापून नेतात. यात शंका नाही की त्या गावांनी मोठे काम केले, आणि ते सरकारी हुकमाने नव्हे तर ग्रामसभेच्या ठरावाने केले. पण नीतीचा विचार करणाऱ्याने एक प्रश्न येथेही विचारलाच पाहिजे. चराईबंदीचा पहिला दिवस कोणाला जड जातो? ज्याच्या शेताच्या बांधावर गवत आहे, विहिरीला पाणी आहे, त्याला नाही. ज्या भूमिहीन बाईचा सबंध व्यवहार चार शेळ्यांवर चालतो, तिला तो जड जातो. डोंगर हिरवा झाल्यावर विहिरीत पाणी वाढते ते विहीरवाल्याच्या. म्हणजे त्याग एकाचा आणि फळ दुसऱ्याचे. जेथे गावाने या बाईचा विचार केला, तिला कापणीच्या गवतात वाटा दिला किंवा दुसरे काम दिले, तेथे ती बंदी न्याय्य ठरते. जेथे केला नाही, तेथे ती गरिबाच्या पोटावर घातलेले हिरवे पांघरूण ठरते.

मग उरते काय? एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या विदुषींनी जगभरच्या अशा सामाईक जागांचा अभ्यास करून १९९० साली आपला ग्रंथ लिहिला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हार्डिनचा हिशेब त्यांनी खोटा म्हटला नाही. तो अपुरा आहे असे दाखवले. त्यांच्या उदाहरणांत स्वित्झर्लंडमधील टोर्बेल हे डोंगरातील खेडे आहे. तेथे १५१७ सालापासून नियम असा की, आपल्या घरच्या वैरणीवर हिवाळाभर जितक्या गायी पोसता येतील, तितक्याच गायी उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्याव्यात. अधिक नेल्यास दंड. सामाईक असणे वेगळे आणि बेवारशी असणे वेगळे. हार्डिनने ज्याचे वर्णन केले ते बेवारशी कुरण होते. पुढे १९९४ साली त्याने स्वतःही मान्य केले की आपले म्हणणे व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेला लागू आहे. आपल्या राखणीची पाळी आणि टोर्बेलचा नियम यांत हजारो मैलांचे अंतर आहे, पण त्यांच्यामागचा विचार एकच: वाटा पाहिजे तर पाळी घ्या.

यातून आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर निघते, असे मला वाटते. ज्या नुकसानीत प्रत्येकाचा हात थोडा आणि कोणाचाच पुरता नसतो, तेथे आपले हात स्वच्छ ठेवणे हे माणसाचे पहिले कर्तव्य नव्हे. पाळीवर हजर राहणे हे पहिले कर्तव्य आहे. गुरे मोजण्याची बैठक बसली नसेल तर ती बसवणे, नियम नसेल तर तो करावयास लावणे, आणि झालेल्या नियमाखाली सर्वांच्या आधी आपण वाकणे, हे ते कर्तव्य. "मी काही केले नाही" हे वाक्य अशा ठिकाणी बचाव नसून कबुली आहे. खरोखरच त्याने काही केले नाही. आणि हाच त्याचा दोष.

पवित्र शास्त्रात चराईवरून झालेल्या तंट्याची एक गोष्ट आहे. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांत भांडण लागते. वाचकांनी ती या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावी. तेथे खलनायक कोणी नाही. शास्त्र कारण देते ते एवढेच की, दोघांची गुरे फार झाली आणि एका देशाने दोघांना पोसणे अशक्य झाले. भांडण गुराख्यांत होते. अब्राम म्हणू शकला असता की, यात माझा काय संबंध? पण त्याने पुतण्याला बोलावून घेतले आणि स्वतः विषय काढला. नंतर जी गोष्ट केली ती अधिक मोठी. तो वडीलधारा, कळप त्याचा मोठा, निवडीचा पहिला मान त्याचा. तो मान त्याने धाकट्याला दिला. सामाईक वस्तूच्या वाटणीचा हाच खरा नियम आहे. संयमाची सुरुवात ज्याच्याकडे अधिक आहे त्याच्यापासून झाली पाहिजे. दहा म्हशीवाल्याने दोन कमी केल्या तर त्याला दोन म्हशीवाल्याला शब्द टाकण्याचा अधिकार येतो. त्याआधी येत नाही.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो साधा नाही. पेडण्याचा कोणीही रहिवासी म्हणेल, "तुम्ही चार म्हशींच्या धन्याला संयम सांगता, पण मोप्याच्या सड्याचे काय झाले?" मोपे येथील सड्यावर आता विमानतळ आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पर्यावरण परवानगीला स्थगिती दिली, २०२० च्या आरंभी वाट मोकळी केली, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याचे उद्घाटन झाले. ज्या सड्यावर धनगर कुटुंबांची गुरे पिढ्यानपिढ्या चरत आली, तेथे आता धावपट्टी आहे. तालुक्यात इतर ठिकाणी चिरेखाणींनी सडे कापून काढले आहेत. ज्याने एका यंत्राने एका महिन्यात सबंध माळ उलटा केला त्याला कोणी पाळी विचारत नाही, आणि गरीब गवळ्याला मात्र गवताचे शास्त्र शिकवावयाचे, हा कुठला न्याय?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो लहान करून सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. विमानतळ हवा की नको, त्याने किती लोकांना काम मिळाले, याचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु जो लाभ सबंध राज्याला होतो त्याची किंमत सड्यावरच्या काही कुटुंबांनीच का मोजावी, हा प्रश्न चाळीस घरांच्या हिशेबासारखाच आहे, फक्त उलटा. तेथे तोटा सर्वांत वाटला गेला आणि लाभ एकाचा झाला. येथे लाभ सर्वांत वाटला जातो आणि तोटा थोड्यांचा. दोन्ही ठिकाणी वाटा आणि पाळी यांची फारकत झालेली आहे.

तरी या आक्षेपातूनच राखणीची दुसरी बाजू दिसते. असे सडे जेव्हा घेतले जातात तेव्हा कागदावर त्यांचे वर्णन बहुधा पडीक, नापीक, ओसाड असे केलेले असते. ज्याने पावसाळ्यात सडा पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की तो ओसाड नाही. तेथे गवत आहे, बारीक फुलांचे गालिचे आहेत, आणि त्याच्या पोटात मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांना पुरते. पण हे सांगणार कोण? जेथे रोज पाळीचा मनुष्य जात होता तेथे साक्षीदार होता. कोणता झरा केव्हा आटतो, कोणता उतार सरकू लागला, कोणी रात्रीत चिरे कापून नेले, हे त्याला दिसत होते. राखण बंद झाली आणि डोंगराचा साक्षीदार गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत एका निकालात गायराने, तळी इत्यादी गावाच्या सामाईक जागांवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. निकाल चांगला आहे. परंतु न्यायालयापुढे उभे राहून "या जागेवर आम्ही चारतो, हा आमचा क्रम, ही आमची पाळी" असे सांगणारा गाव असेल तरच त्याचा उपयोग. ज्या हक्काची राखण थांबते, तो हक्क हळूहळू दिसेनासा होतो. आणि जे दिसत नाही ते घ्यावयास कोणाला संकोच वाटत नाही. म्हणून गवळ्याला पाळीची आठवण देणे म्हणजे त्याच्यावर बोजा टाकणे नव्हे. त्याच्या हातात त्याचा पुरावा परत देणे आहे.

मग आज काय करता येईल? जुनी राखण जशीच्या तशी परत येणार नाही, आणि पोराची शाळा सोडवून ती आणूही नये. पण तिच्यातील तत्त्व नव्या रीतीने चालवता येते. वाडीतील गुरे मोजावीत आणि ती संख्या सर्वांना माहीत असावी. पाऊस लागल्यावर पहिले काही आठवडे सड्याला पूर्ण विसावा द्यावा. डोंगराचे तीन-चार भाग करून एकेक भाग आळीपाळीने मोकळा ठेवावा. दूरच्या उतारावर पाण्याची आणि मिठाची सोय केली तर गुरे आपण होऊन तिकडे जातात. करड वाळण्याआधी कापून ठेवले तर वैरणही होते आणि वणव्याचे भयही कमी होते. ज्या घरात पाळीला माणूस नाही, त्याने पैसे घालावेत आणि सर्वांनी मिळून राखण्याला पोट भरेल असा पगार द्यावा. धनगर-गवळ्याला या कामातील जे ज्ञान आहे त्याला योग्य तो मान व मोबदला द्यावा. म्हातारा बैल आणि भाकड गाय यांचे काय करावयाचे, हे ती रस्त्यावर येण्यापूर्वी ठरवावे. कारण दुभत्याचा लाभ घेणे आणि भाकडाचे ओझे गावावर टाकणे ही पाळी चुकवण्याची सर्वांत जुनी रीत आहे.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे आता शहरांत आहेत. त्यांच्याकडे ना गुरे, ना डोंगर. त्यांना वाटेल की हा विषय आपला नव्हे. परंतु ज्याचे गोठ्याशी नाते राहिले नाही त्याच्याही आयुष्यात सामाईक डोंगर असतोच. इमारतीची टाकी, गल्लीचे गटार, पतपेढीची वार्षिक सभा, मंडळीची दफनभूमी: या सर्व ठिकाणी आपण वाटा घेतो, आणि कोणीतरी पाळी करतो. बहुधा तोच एक मनुष्य ती वर्षानुवर्षे करतो. तो थकला की आपण म्हणतो, हल्ली व्यवस्था बिघडली. खरे पाहता व्यवस्था बिघडलेली नसते. पाळी आपली आलेली असते.